कोकणातल्या बेसाल्टमध्ये कार्बन साठवण: आधी काय तपासायचं?

प्रश्न: रत्नागिरीकडे जांभ्याखाली बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा दगड) आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड वायू सोडून साठवायचा तर तपासणी कुठून सुरू करावी?

उत्तर १: बोअर मारून गाभा (दगडाचा लांबट नमुना) काढा. लाव्हाथराचा मधला भाग घट्ट असतो, जागा मिळते वरच्या सच्छिद्र भागात. पण तिथली भोकं बऱ्याचदा झिओलाइट, कॅल्साइट या खनिजांनी बुजलेली असतात. नुसती सच्छिद्रता मोजून फसू नका, पाणी दाबाने सोडून पारगम्यताही (दगडातून पाणी किती सहज जातं ते) मोजा.

उत्तर २: वायू दाट राहायला साधारण ८०० मीटर खोली हवी. पाण्यात विरघळवून सोडला तर कमी खोलीवर चालतं, आइसलँडमध्ये तसंच केलंय. मात्र वायूच्या टनामागे सुमारे २५ टन पाणी लागतं. मे महिन्यातल्या कोरड्या विहिरी आठवून हिशेब करा.

उत्तर ३: राजापूर, उन्हवऱ्याची गरम पाण्याची कुंडं म्हणजे खोल भेगांची खूण. भेगांतून वायू निसटू शकतो, तिथून लांबच राहा. भूकंपाचं कोयना जवळ आहे, भूकंपमापक आधी बसवा.