सुतारकाम आणि रानवाटा : वडिलांचे स्मरण कसे लिहावे?

प्रश्न

सप्रेम नमस्कार. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या दादांच्या, निधनाला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्यांनी जन्मभर पुण्यात सुतारकाम केले आणि हात थरथरू लागल्यावर दुकान धाकट्या भावाकडे सोपवून उरलेला काळ मावळात नि भीमाशंकरच्या रानात भटकण्यात घालवला. वर्षश्राद्धाला आप्तेष्टांना देण्यासाठी एक छोटी पुस्तिका काढावी, असे आम्ही ठरवले आहे. परंतु लिहायला बसले की ‘कष्टाळू, मनमिळाऊ, निसर्गप्रेमी’ यापुढे लेखणी सरकत नाही, आणि ही विशेषणे तर कोणाच्याही वडिलांना लागू पडतील. कामातून उरलेल्या लाकडांचे तळहाताएवढे तुकडे त्यांनी रंधा मारून जपले होते. प्रत्येकावर पेन्सिलीने झाडाचे नाव आहे. त्यांचे काय करावे? शिवाय लोहगडावर दादांच्या नावाची फरशी बसवावी, असा काकांचा आग्रह आहे.

उत्तर : ‘गुण्या’

ताई, पुस्तिकेची मांडणी त्या तुकड्यांवरूनच करा. आम्हा सुतारांना झाड आधी आतून कळते. ते उभे असताना ओळखायला निराळी नजर लागते, आणि ती दादांनी उतारवयात कमावलेली दिसते. प्रत्येक तुकड्यासाठी एक परिच्छेद ठेवावा : ते लाकूड त्यांनी कशाला वापरले, आणि ते झाड त्यांना रानात कुठे भेटले. पांगारा हलका म्हणून सावंतवाडीच्या खेळण्यांना, चिवट धामण हत्यारांच्या दांड्यांना, बाभूळ बैलगाडीच्या चाकांना, अशी प्रत्येक झाडाची वाट ठरलेली असे. दुकानातली एखादी जुनी वही सापडली, तर गिऱ्हाइकांची नावे वगळून तिचाही उपयोग होईल.

प्रश्नकर्ती

हे वाचून एक गोष्ट आठवली. सागाचे कोवळे पान दिसले की दादा ते नातवंडांच्या तळहातावर चोळत, तांबडा रंग उतरला की समाधानाने हसत आणि मग सागाचा गाभा कसा ओळखावा, हे मुलांना कंटाळा येईपर्यंत सांगत. ऐनाच्या भेगाळलेल्या सालीवरून ते असा हात फिरवत, जणू दुकानात आलेली फळीच तपासत आहेत.

उत्तर : ‘आडवाट’

फरशीचा विचार मात्र सोडून द्यावा. लोहगड हे केंद्र शासनाचे संरक्षित स्मारक आहे आणि 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातील इतर अकरा किल्ल्यांबरोबर त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. तिथे परवानगीवाचून काही बसवणे हा प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या कायद्याचा भंग ठरतो. काकांना हे सांगताना कायद्यापेक्षा दादांचा स्वभाव पुढे करावा : भिंतीवर कोरलेली नावे पाहून त्यांना काय वाटत असे, हे काकांनाही ठाऊक असेलच. भीमाशंकर 1985 पासून अभयारण्य आहे. त्यामुळे आठवण म्हणून तिथून रोप किंवा लाकूड आणण्याचा मोहही टाळावा. तुकडे आयटीआयमधील सुतारकामाच्या वर्गाला द्यावेत. उभे झाड न पाहिलेल्या मुलांना त्यांचा खरा उपयोग होईल.

उत्तर : ‘जुनी फळी’

वरील सूचना पटतात. फक्त एक भर घालतो. ज्या माणसाने आयुष्यभर सागवान कापले, त्याला झाड तोडलेले बघवत होते का? माझ्या मामांना बघवत नसे, आणि तरीही नव्या घराला सागाचीच चौकट हवी, असा त्यांचा हट्ट असे. दादांच्या मनात असा पेच असेल, तर तो झाकू नये. गोडवे गाणाऱ्या पुस्तिका लोक चाळून ठेवून देतात. अशा एका पानावर मात्र घरात वाद होतील, आणि त्या वादात काकांकडून आजवर न सांगितलेले दोन-चार प्रसंग बाहेर पडतील. ते लगेच टिपून घ्यावेत.