शब्दचर्चा : समुद्राचं ‘आम्लीकरण’ म्हणावं का?

विचारणा
कोल्हापुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. कारखान्यांचा आणि वीजकेंद्रांचा धूर हवेतून समुद्रात जाऊन पाण्याचं रसायन कसं बदलतो, यावर मुलांसाठी टिपण लिहितेय. ‘महासागरांचं आम्लीकरण’ हा शब्द फळ्यावर लिहिला आणि पहिल्याच बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, समुद्राचा सामू (pH) ८.१ म्हणालात. सातच्या वर म्हणजे आम्लारी. मग आम्ल कुठनं आलं?” पोरीचं बरोबर आहे. औद्योगिक युगाआधी हा सामू साधारण ८.२ होता, उतरला, पण सातच्या खाली गेलेला नाही. ‘अल्कता घटणे’ लिहू का?

प्रतिसाद
ताई, ‘आम्लीकरण’च ठेवा. ‘-करण’ दिशा सांगतं, मुक्काम नाही. उचगावचं शहरीकरण चाललंय म्हणतो, तेव्हा उचगाव शहर झालं असा अर्थ कुणी घेत नाही. आणि ०.१ ही घट किरकोळ समजू नये. सामूची मोजपट्टी दहापटीची असते : एक अंक उतरला की आम्लपणा ठरवणारे हायड्रोजन आयन दहापट होतात. त्यामुळे ०.१ च्या उतारानेही ते सुमारे २६ टक्क्यांनी वाढतात. हे मुलांना जरूर सांगा.

प्रतिसाद
आमचं गुऱ्हाळ आहे, पन्हाळ्याच्या अंगाला. उसाचा रस मुळात आंबटसर, सामू पाच-साडेपाचच्या आसपास. काहिलीत रस तापला की गुळव्या भेंडीच्या पाण्यानं मळी वर आणून काढतो, चुन्याची निवळी घालतो. सामू वर चढतो, पण सातला काही पोचत नाही. आम्ही ‘आंबटपणा मारला’ म्हणतो. रस अल्क झाला असं कोण म्हणत नाही. तुमच्या समुद्राचं हेच, उलट्या बाजूनं. चुना जरा जास्त पडला तर गूळ काळपट येतो, भाव पडतो. एवढ्याशा फरकाला एवढी किंमत. शिंपल्यांना तर घरच चुनखडीचं बांधायचं असतं, आणि सामू उतरला की त्यासाठी लागणारे कार्बोनेट आयन पाण्यात कमी होतात. मी ‘सामू उतरणे’ लिहिलं असतं, शेतकऱ्याच्या घरात माती परीक्षणामुळं हा शब्द माहीत असतो.

प्रतिसाद
‘अल्कता घटणे’ मात्र कृपया नको, त्याने मोठा घोटाळा होईल. समुद्ररसायनात अल्कता म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. कार्बन डायऑक्साइड विरघळून कार्बोनिक आम्ल झालं की सामू उतरतो, पण ही ताकद तेवढीच राहते. कोळसा आणि तेल जळताना गंधकाची व नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात, त्यांची हवेत सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लं बनतात. ती पावसातून समुद्रात पडली की अल्कता खरोखर खातात. म्हणजे एकाच धुराचे दोन वेगळे परिणाम, आणि तुमच्या शब्दाने ते एक होऊन बसतील.

अमोनियाची गंमत तर शिकवण्यासारखीच आहे. तो स्वतः आम्लारी. पण समुद्रात पोचला की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्यात आम्ल सुटतं.

प्रमाणही लिहा. सागरवैज्ञानिक स्कॉट डोनी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हा हिशेब मांडला : सगळे महासागर धरले तर गंधक-नायट्रोजनचा वाटा कार्बन डायऑक्साइडच्या मानाने काही टक्केच, पण किनाऱ्यालगत तो बराच वाढतो.

प्रतिसाद
व्याकरणाच्या बाजूने एक. काही जण ‘आम्लीभवन’ सुचवतात. मला ते पटत नाही. बाष्पीभवन आपोआप होतं, शुद्धीकरण कुणीतरी करतं. समुद्राच्या बाबतीत कर्ता आहे, त्याची चिमणी दिसते. तो कर्ता शब्दातून पुसू नये.

‘आम्लवर्षा’ लिहाल तिथेही जपा. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८७२ साली हा शब्द इंग्रजीत वापरला. पण स्वच्छ पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास असतो, तोही आम्लच. त्याहून खाली गेला तरच आम्लवर्षा. आणि हवेतले कण-वायू खाली येऊन साचतात, त्याला ‘निक्षेप’ नको, मुलांना बँकेतली ठेव वाटेल. हंगामात गच्चीवरच्या कपड्यांवर काजळी ‘बसते’, तसं ‘बसणे’ लिहा.

विचारणा करणारी
सगळ्यांचे मनापासून आभार. असं लिहिलं : ‘धुरातल्या वायूंमुळे समुद्राच्या पाण्याचा सामू उतरत चालला आहे. याला महासागरांचं आम्लीकरण म्हणतात. पाणी अजून आम्लारीच आहे.’ अमोनिया चौकटीत घेतला. काका, चुना घालण्याआधीचा आणि नंतरचा रस बाटलीत मिळेल का? मुलांना सामूपट्टी बुडवून दाखवते.

गुऱ्हाळवाले
मिळेल की. शनिवारी सकाळी लवकर या, दोन काहिली निघतात. पोरांनाच घेऊन या, बाटल्या कशाला?