ठाण्यात लाँग रन? तळ्यातळ्यानं जा

विषय: ऑगस्टमध्ये ठाण्यात धावायचं कुठे?
प्रेषक: फ्रीडरिक्सहाफेनकर

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांत घुसखोरी नको, म्हणून हा वेगळा विषय.

ऑक्टोबरात तीन देशांची मॅरेथॉन धावायचं ठरवलंय. नवीन सभासदांसाठी सांगतो: ही जर्मनीतल्या लिंडाऊ बेटावरून सुटते, ऑस्ट्रियातून स्वित्झर्लंडमध्ये डोकावते आणि परत ऑस्ट्रियात येऊन ब्रेगेन्झला संपते. अडचण अशी, की ऐन तयारीतले तीन आठवडे मी ठाण्यात, पाचपाखाडीला आई-बाबांकडे असणार.

इथे जर्मनीत, बोडनझे तळ्याच्या काठी, रविवारी घरातून निघालं की इमेनश्टाड, हाग्नाऊ करत मेर्सबुर्ग. डावीकडे पाणी, उजवीकडे द्राक्षांचे मळे, शेवटी किल्ला. दमलो तर परतीला बोट आहेच. ठाण्यात गेल्या वर्षी मी सोसायटीच्या आवारात चाळीस फेऱ्या मारल्या, तेव्हा वॉचमननं बायकोला हळूच विचारलं, "साहेबांना काही टेन्शन आहे का?"

वीस-बावीस किलोमीटरचा मार्ग कुणी सुचवेल का? ट्रेडमिल सोडून काहीही चालेल.

---

विषय: उत्तर: ऑगस्टमध्ये ठाण्यात धावायचं कुठे?
प्रेषक: नौपाड्याचे काका

अरे बाबा,

राफेन्सबुर्ग सोडून इतकी वर्षं झाली तरी मंडळाच्या या मेल-यादीवरून नाव काढवत नाही, ते अशा मेलांसाठीच.

पहिली गोष्ट: मेर्सबुर्ग शोधू नकोस. बोडनझे त्रेसष्ट किलोमीटर लांब आहे. एकदा काठ धरला की तुला पुढचं काही ठरवावंच लागत नाही. ठाण्याला एवढं मोठं तळं नाही, छोटी छोटी पस्तीसेक आहेत, आणि मधला रस्ता आपला आपण ओवायचा. वाटेत सिग्नल, रिक्षा, दुधाचे टेम्पो असणारच.

पहाटे पाचला कचराळीवर जा. महापालिकेच्या शेजारीच, तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. नावावर जाऊ नकोस, तळं देखणं आहे. तिथे दोन-तीन फेऱ्यांत अंग मोकळं कर. साडेपाचनंतर मात्र थांबू नको. हास्यक्लब भरतो आणि चौघं-चौघं आडवे चालतात. त्यांना "बाजूला व्हा" म्हणणारा अजून जन्माला यायचाय. मीही त्या चौघांतला एक आहे.

तिथून हरिनिवास, राममारुती रोड, तलावपाळी, म्हणजे मासुंदा तळ्याचा काठ. मासुंद्याला उलटी फेरी मार, म्हणजे कोपिनेश्वराचं देऊळ शेवटी येतं. शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक ती हीच, देवस्थानही तेव्हापासूनचं मानतात. आत जायचं तर बूट काढावे लागतील, आणि ऑगस्टमध्ये ओला मोजा परत चढवणं काय असतं ते तू एकदा करून बघच. मी बाहेरूनच हात जोडतो. तळ्याशेजारी पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च, पुढे टेंभीनाक्याला १८७९ सालचं बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग. हे सगळं पाव तासाच्या धावेत. जांभळीनाक्यावर तेवढं जपून, भाजीच्या गाड्या उतरत असतात आणि कोबीच्या पानावरून पाय सटकतो.

आता किल्ला. तुला किल्ला हवाय ना? कोर्टनाक्यावरून जेल रोडला लाग. ती जी लांबलचक भिंत दिसते, तोच ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला, तो आजही तुरुंगच आहे. मेर्सबुर्गच्या किल्ल्यात मालक राहतात आणि तिकीट लावतात, इथे कैदी राहतात आणि प्रवेश फुकट.

दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले. बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाण्यातून त्यांना निरोप पोचवायचा आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, अशी कथा आहे. आपण मंडळाच्या सभेत बायर्न हॉलच्या मॅनेजरसमोर भाड्याबद्दल मराठीत बोलतो, त्याची परंपरा अशी जुनी आहे. आणि याच भिंतीआड १९ एप्रिल १९१० ला नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना फाशी दिली. कान्हेरे अठरा वर्षांचा होता. मी तिथे घड्याळ बघत नाही.

मग खोपटवरून कॅडबरी जंक्शन, पोखरण रोड नंबर एक, वर्तकनगर, उपवन. उपवनला पोचलास की लिंडाऊची आठवण येईल तेवढी येऊ दे: तळं, मागे येऊरचा हिरवा डोंगर, वर ढग. इथवर बारा-तेरा होतात. पुढे उपवनच्या फेऱ्या आणि परतीचा रस्ता धरलास की तुझा आकडा भरतो. येऊरचा चढ मोहात पाडेल, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे, बिबट्याचं घर. गेटवर विचारल्याशिवाय वर जायचं नाही, आणि अंधारात तर मुळीच नाही.

शेवटचं, आणि हेच महत्त्वाचं. तुझा तिकडचा पेस विमानतळावरच ठेवून ये. आपल्या हवेत एवढं बाष्प असतं की घाम सुकतच नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून छाती तिथल्यापेक्षा लवकर धडधडते. शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणजे तुझी निम्मी सुट्टी. पहिला आठवडा किलोमीटर मोजूच नकोस, दीड तास धाव आणि घरी जा. मीठ-साखर-लिंबाचं पाणी बाटलीत घे.

तुझा,
काका

---

विषय: उत्तर: उत्तर: ऑगस्टमध्ये ठाण्यात धावायचं कुठे?
प्रेषक: नेरूळची माहेरवाशीण

काका, नवी मुंबईला एवढं विसरू नका!

दादा, सिग्नलचा कंटाळा आला तर ट्रान्सहार्बरनं नेरूळला या. पाम बीच रोडलगत 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' या तळ्याभोवतीचा रस्ता सपाट आहे, पाणी आहे, रिक्षा आडवी येत नाही. फक्त ते साधं तळं नाही, पावसाचं पाणी साठवणारा धारण तलाव आहे. माझे बाबा त्याच कामातले, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथली बरीच जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. भरतीला झडपा मिटतात, खाडीचं पाणी आत येत नाही, आणि तेवढा वेळ पडलेला पाऊस या तलावात साठतो. ओहोटी लागली की झडपा उघडतात, पाणी खाडीत जातं. डचांची युक्ती. म्हणजे भरतीच्या वेळी जोरात पाऊस असेल तर धावू नका, तलावाला त्याचं काम करू द्या.

फ्लेमिंगो आत्ता दिसणार नाहीत, ते हिवाळ्यात येतात. ऑगस्टमध्ये फ्लेमिंगोचे फोटो टाकलेत तर आम्ही ओळखू.

---

प्रेषक: सचिव

धावणाऱ्यांनी धावावं, पण येताना गौरीचे मुखवटे आणि आरतीची पुस्तकं कोण आणतंय ते आधी सांगावं. फ्रीडरिक्सहाफेनकर, तुम्ही पाचपाखाडीत आहात, तिथून जांभळीनाका जवळ आहे, असं वरच्या मेलवरून कळलं.

---

विषय: अहवाल
प्रेषक: फ्रीडरिक्सहाफेनकर (सध्या पाचपाखाडी)

काका, ताई, सचिवसाहेब,

काल निघालो. बावीसचं ठरवलं होतं, अठरा झाले, आणि त्यात बसलेला वेळ मी इथे लिहिणार नाही.

कचराळीवर हास्यक्लबनं "हा हा हा" करून निरोप दिला. त्यात तुम्ही होता का, काका? पावसात सगळ्या टोप्या सारख्या दिसतात. तलावपाळीला सरी कोसळल्या आणि मी गडकरी रंगायतनच्या छताखाली उभा राहिलो. शेजारी एक आजोबा. त्यांनी बूट बघून विचारलं, "कितीचे?" युरोत सांगितलं. त्यांनी मनात गुणाकार केला आणि पुढे बोललेच नाहीत.

जेलच्या भिंतीजवळ फोटोसाठी फोन काढला, तर पहारेकऱ्यानं लांबूनच बोट हलवलं. फोन खिशात टाकला. त्यानंतर भिंत संपेपर्यंत चाललो, धावलो नाही. काकांच्या मेलनंतर धाववेना.

घसरलो मात्र कोबीवर नाही. शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर, कॅडबरीच्या अलीकडे. कोपर सोललं. काका, हे ब्लॉक पावसात साबणासारखे होतात, ते तुम्ही सांगितलं नव्हतं. एका फुलवालीनं हळद दिली. जर्मनीत त्यांनी फॉर्म भरून घेतला असता.

उपवनला बाबा ॲक्टिव्हावर लिंबूपाणी घेऊन थांबले होते. ते आधीच तळ्याच्या कठड्यावर तिघांशी गप्पा मारत बसलेले. मी पोचलो तर म्हणाले, "आलास? बस जरा." आणि गप्पा चालूच. डोंगर ढगात अर्धा बुडाला होता. ताई, नेरूळ पुढच्या रविवारी, भरतीची वेळ बघून.

सचिवसाहेब, मुखवटे घेतले. आरतीची पुस्तकं वीस की पंचवीस?

एक प्रश्न: बूट अजूनही वाळत नाहीत. मंगळवारी पुन्हा धावायचं आहे.

---

प्रेषक: नौपाड्याचे काका

आतले तळवे काढ, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंब, चार तासांनी बदल, आणि रात्रभर पंख्याखाली उपडे ठेव. ओव्हनच्या जवळ नको, चिकटवलेला सोल सुटतो. मंगळवारी पाचला मी कचराळीवर आहे. हिरवी टोपी.