ओझरहून तेजस उडालं, नाशिकच्या पदरात काय?

सातपूरकर
१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवरून तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान उडालं. संरक्षणमंत्री आले, एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कंपनी) तेजस बनवणाऱ्या तिसऱ्या लाइनचं उद्घाटन झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर तेच. छाती माझीही फुगली. पण १९६४ पासून दाराशी विमानं बनतायत, मिग-२१, मिग-२७, मग सुखोई, आणि तरी नाशिक म्हटलं की द्राक्षं, कांदे अन् कुंभमेळा. बंगळुरूत याच कंपनीच्या आजूबाजूला केवढा पसारा उभा राहिला! आपल्याकडे अंबड-सातपूर औद्योगिक वसाहत अजून गाड्यांच्या पार्टवरच जगतेय. डिझाइन दुसऱ्याचं, इंजिन तिसऱ्याचं, आपण फक्त जोडायचं. स्पष्टच बोलतो, ओझर म्हणजे मोठं गॅरेज.

टाउनशिपचा पोरगा
गॅरेज? दादा, जरा जपून. वडिलांची उभी हयात तिथल्या हँगरमध्ये गेली. देशाने घेतलेल्या २७२ सुखोईंपैकी २२२ एचएएलने बांधली, ती इथेच. सुरुवातीला रशियातून आलेले सुटे भाग जोडले हे खरं, पण शेवटच्या टप्प्यात कच्च्या मालापासून विमान उभं केलं. ब्रह्मोस क्षेपणास्त्र घेऊन सुखोई पहिल्यांदा उडालं २०१६ मध्ये, तेही नाशिकहूनच. गॅरेजमध्ये होतं का हे?

सातपूरकर
कच्चा माल तरी कुठला होता? आणि इंजिन कोरापुटचं, ओडिशातलं. मुद्दा तोच.

अंबडचा लेथवाला
दोघंही हवेत बोलताय. मला विचारा. विमानाचा पार्ट करायचा तर आधी सर्टिफिकेट, मग प्रत्येक धातूच्या तुकड्याची कुंडली जपायची, आणि नग किती? चाळीस-पन्नास. गाडीच्या पार्टची ऑर्डर हजारात येते, मशीन थांबत नाही. बँकेचा हप्ता देशभक्तीवर फिटत नाही हो. वर्षाला आठ तेजस ही इथल्या लाइनची क्षमता. त्यासाठी नवं सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) घ्यायचं का, सांगा.

टाउनशिपचा पोरगा
म्हणून तर मोठ्या ऑर्डरी हव्यात, आणि त्या आल्यात. आधी ८३ मार्क-१ए, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७. डिसेंबर २०२४ मध्ये १२ सुखोईंचा करार झाला तो वेगळाच. तेजस हवाई दलाला मिळायला उशीर होतोय तो अमेरिकेहून येणारी एफ-४०४ इंजिनं रखडल्यामुळे. त्यासाठी ओझरला कशाला झोडपता?

सातपूरकर
सगळा उशीर इंजिनावर ढकलू नका. हवाई दलप्रमुखांनी एचएएलला जाहीर खडे बोल सुनावले, ते उगाच नाही.

पिंपळगावचा बागायतदार
छाटणीच्या दिवसांत डोक्यावरून सुखोई गेलं की मजूर कात्री धरून वरच बघत बसतात. त्याची भरपाई कोण देणार? 😄
चेष्टा सोडा. १९६३ ला यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले, संरक्षणमंत्री होतेच, आणि मिगचा कारखाना ओझरला आला. बंगळुरूला संशोधन संस्था मिळाल्या, तेजसचं डिझाइनही तिथलंच. आपण कारखान्यावर खूश राहिलो. डिझाइनचं काम इथे आणा म्हणून दिल्लीत कुणी तळ ठोकला, एक नाव सांगा.

सातपूरकर
नाव नाही सांगता येत. 'गॅरेज' शब्द मागे घेतो, टाउनशिपवाल्यांची माफी. बाकीचं तसंच राहू दे. लेथवाले भाऊ, चाळीस नगांत परवडेल असा दर तरी किती पडतो? नुसता अंदाज द्या.

अंबडचा लेथवाला
इथे नाही. शनिवारी चहाला या, कागद घेऊन बसू.