मंडळाच्या कॉम्प्युटरची अर्धी रॅम गेली कुठे?

मंडळी नमस्कार, मंडळाच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये परवा ४ जीबीची आणखी एक पट्टी टाकली, म्हणजे आता एकूण ८, पण मशीन रेंगाळायचं ते रेंगाळतंयच, मेंबर लिस्ट आणि दोन-चार टॅब उघडले की बसलंच. विंडोज १० आहे. पट्टी खराब निघाली का, कसं बघायचं?

— खजिनदार

काका, सोप्पंय, रनमध्ये एमएसकॉन्फिग टाका, बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे मॅक्सिमम मेमरीला टिक करून ८१९२ भरा. माझ्या भावाने असंच केलं होतं.

ताई, नको!! ती टिक मर्यादा घालायला असते, वाढवायला नाही. आधीच टिक असेल तर उलट काढून टाका. काका, तुम्ही सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा आणि रॅमची ओळ आणि त्याखालची सिस्टिम टाइपची ओळ जशीच्या तशी इथे टाका. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे हार्डवेअर रिझर्व्हड किती दिसतं तेही.

रॅम ८.०० जीबी, पुढे कंसात ३.४१ जीबी युजेबल. खाली ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर. रिझर्व्हड ४.६ जीबी! एवढं काय राखून ठेवलंय बुवा?

— खजिनदार

राखून काही नाही काका, तिथवर विंडोज पोचतच नाही. पट्टी मशीनने ओळखलीय, म्हणून तर ८ दिसतात. ३२ बिटमध्ये मेमरीतल्या बाइट्सना द्यायला पत्तेच ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे ४ जीबी, आणि त्यातलेही काही ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरला द्यावे लागतात, म्हणून हातात ३.४१. प्रोसेसर ६४-बिट आहे हे नशीब, ६४-बिट विंडोज टाकलं की काम झालं. तीच एडिशन (होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो) टाकली तर लायसन्स परत घ्यावं लागत नाही, पण वरच्या वर अपग्रेड होत नाही, डिस्क पुसून नव्याने टाकावं लागतं, तेव्हा मेंबर लिस्ट आणि हिशेब आधी पेनड्राइव्हवर घ्या, दोन ठिकाणी घ्या. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे ही तात्पुरतीच मलमपट्टी.

मुख्य घोळ प्रिंटरचा होईल, ३२-बिट ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, ६४-बिट विंडोजवर चालत नाही. तुमचा तो पावत्या छापायचा जुना प्रिंटर, त्याचं मॉडेल कळवा, ६४-बिट ड्रायव्हर मिळाला तरच रविवारी येतो.

मॉडेलचं स्टिकर केव्हाच गळून पडलंय रे. फोटो पाठवतो.

— खजिनदार