नवख्या इलेक्ट्रॉनिक संगीत प्रोड्यूसरने आधी नक्कल करावी का?

बारकू_बेस: ‘माझा साउंड’ शोधण्यात वर्ष जातं आणि ट्रॅक एकही पुरा होत नाही. माझं मत, पहिले सहा महिने सरळ नक्कल करा. आवडता ट्रॅक प्रोजेक्टमध्ये घ्या, टेम्पो जुळवा, दर ८ बारला (बार म्हणजे ४ ठोके) काय आलं नि काय गेलं ते टिपा आणि तोच सांगाडा आपल्या आवाजांनी भरा. तुलनेआधी मूळ ट्रॅकचा आवाज खाली आणायला विसरू नका. तो उणे ८ लफ्सवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणि तुमचं मिक्स उणे १८ वर असेल, तर १० डीबीने. नाहीतर मोठं तेच गोड लागतं आणि लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं साधन) पिळत बसाल.

तिहाई: साफ असहमत. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी टीबी-३०३ (बेस सिंथ), टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) यांवर दहा राग डिस्को ठेक्यात बसवले. शिकागोत फ्यूचर या गटाची, त्याच ३०३ वरची ॲसिड हाऊस रेकॉर्ड आली १९८७ मध्ये. नक्कल करायला समोर होतं काय? ३०३ बनवलं बेस गिटारला पर्याय म्हणून, आणि त्यात ते सपशेल नापास झालं. पण त्याची स्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं) रागात मींडेच्या जवळ जाते. हे कान रागाचे असल्याशिवाय सुचत नाही.

बारकू_बेस: समोर डिस्को होता की, रेकॉर्डच्या नावातच आहे! शिवाय ते हिंदी सिनेसंगीतात मुरलेले वादक. दुसऱ्यांच्या चाली वाजवूनच तो हात तयार झाला. उदाहरण तुमचं, मुद्दा माझा.

हलगी_१२६: नक्कल करा नाहीतर राग लावा, आपल्याकडे गाडी अडते ती भलतीकडेच. ढोल-ताशाचा लूप १०० बीपीएमचा (मिनिटाला ठोके), ट्रॅक १२६ चा. लोक तो ताणून बसवतात आणि टिपरूची धार जाते. ताणू नका. प्रत्येक ठोक्यावर कापून तुकडे ग्रिडवर मांडा. मात्र शंभर टक्के क्वांटाइझ केलंत (ठोके ग्रिडला तंतोतंत चिकटवलेत) की पथकाची झुलणी मेलीच. ५०-६० टक्क्यांवर थांबा. ढोलाखाली किक (बेस ड्रमचा ठोका) ठेवायची तर ढोल साधारण ११० हर्ट्झखाली कापा, नाहीतर दोघांच्या फेज (ध्वनिलहरींचे चढ-उतार) भांडतात आणि दोन्ही पोकळ वाटतात. ताशा आणि हाय-हॅट एकाच पट्ट्यात येतात, त्यातलं एकच ठेवा. मी हाय-हॅट काढेन.

किक सुरात हवी. काळी एकचा षड्ज तळाला ३५ हर्ट्झच्या आसपास पडतो, साध्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. किक पंचमावर लावा, सुमारे ५२ हर्ट्झ.

तिहाई: +१, पंचमाचं पटलं. सिंथचा गंधारही तपासा. तानपुऱ्यात घुमतो तो गंधार सिंथच्या गंधारापेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. काळी एकच्या मध्य सप्तकात दोन्ही एकत्र धरले की सेकंदाला पावणेतीन डोल येतात. नवख्याला वाटतं कोरस इफेक्ट चालू राहिला. पॅडमधून (लांब धरलेल्या सिंथच्या सुरांतून) गंधार काढा किंवा तेवढाच उतरवा. सा ते प मींड हवी तर पिच बेंडची मर्यादा किमान ७ सेमीटोन, आणि सिंथमध्ये व सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा सारखाच हवा. हे कुठल्या हाऊस ट्रॅकची नक्कल करून कळणार?

बारकू_बेस: नाही कळणार, मान्य. पण संगीतातलं वाक्य कुठे संपवायचं ते तिथेच कळतं. किकवर रूपक ताल धरा. ७ मात्रांचं आवर्तन आणि डीजेचा ३२ ठोक्यांचा टप्पा, दोघांची गाठ पडते २२४ व्या ठोक्यानंतर; १२८ बीपीएमला पावणेदोन मिनिटं. तोवर मिक्स करणारा डीजे तुमचा ट्रॅक उतरवून मोकळा.

हलगी_१२६: चार आवर्तनं वाजवा, २८ झाले. वर ४ मात्रांची भरणी, ३२. ताशाची तर्री तिथेच टाका.

तिहाई: मग तो रूपक राहिला कुठे?

हलगी_१२६: इंट्रो-आउट्रोपुरतीच भरणी ठेवा. मधली पावणेदोन मिनिटं रूपक अखंड चालवा, तिथे मिक्स कोण करतंय?