नियोजनातला बारीक तपशीलही देवावर सोपवावा का?

डबेवाली, प्रतापनगर
गेली नऊ वर्षे मी नागपुरात शिकायला आलेल्या मुलांना जेवणाचे डबे पुरवते. यंदा उन्हाळ्यात दुसरी जागा भाड्याने घ्यावी की नाही, या विचाराने पंधरा दिवस धड झोप लागली नाही. शेवटी अनामत रक्कम, गॅसचे सिलिंडर, पोळ्या करणाऱ्या दोघींचा पगार, महिन्याचा किराणा असे सगळे आकडे एका कागदावर मांडले आणि तो कागद देवघरात निरांजनाखाली ठेवला. आपण देवाजवळ ‘सगळे नीट होऊ दे’ एवढेच मागतो आणि बारीकसारीक काळज्या मात्र स्वतःच्या डोक्यात कोंडून ठेवतो, असे मला वाटते. जनाबाईंचा विठ्ठल त्यांच्याबरोबर दळायला बसतो, त्यांनी झाडलेला केर भरतो. मग माझ्या सिलिंडरचा हिशेब त्याला क्षुल्लक का वाटावा? पुढे पसंत पडलेली जागा हातची गेली, पण मी खचले नाही. योजना पुरती आखावी, तिचा प्रत्येक तपशील देवाला सांगावा आणि त्यात बदल झाला तर हट्ट धरू नये, असे माझे मत आहे.

नाग नदीकाठचा रहिवासी
ताई, आपल्या श्रद्धेविषयी आदर ठेवूनही हे मत मला मान्य नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा आमच्या तळमजल्यावर कमरेएवढे पाणी होते आणि गव्हाची कोठी आडवी होऊन पाण्यावर फिरत होती. पाणी ओसरल्यावर आई म्हणाली, ‘देवाची इच्छा.’ ते शब्द मला सहन झाले नाहीत, कारण घराच्या विम्याचा हप्ता मी दोन महिने लांबवला होता आणि त्यात देवाचा काहीही संबंध नव्हता. तपशील देवावर सोपवला की तो कोणाच्याच अंगावर राहत नाही, ही माझी खरी हरकत आहे. गीतेच्या १८व्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. आपण पाचव्यापासून सुरुवात करतो आणि आधीच्या चारांचा हिशेब कोणी मागितला, तर त्याला नास्तिक ठरवतो.

संत्रा बागायतदार, काटोल
दैव पाचवे आहे हे खरे, पण आमच्या धंद्यात ते एकटेच उरलेल्या चौघांना आडवे पाडते. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरायचा तर उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो. म्हणून मी रोज सकाळी बागेत फिरून पाने हातात घेऊन पाहतो, ती पिवळी पडून गळू लागली की ताण बसत चालल्याचे कळते. एवढे सगळे जपल्यावर मे महिन्यात अवकाळी पावसाची एक जोरदार सर आली की ताण मोडतो, आणि मृगाचा पाऊस लांबला तर फुलोऱ्याचेच वांधे होतात. तरीही ताईंचे म्हणणे मला जसेच्या तसे पटत नाही. ताणाचे दिवस मोजणे हे माझे काम आहे, त्यासाठी मी देवाला हाक मारत नाही. पाऊस माझ्या हातात नाही, तो मात्र मी मनापासून त्याच्यावर सोडतो. हे वेगळे ठेवले नसते, तर बहार हुकल्यावर डिसेंबरात आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याअखेर येणाऱ्या फुलोऱ्याच्या, ताणाला पुन्हा उभे राहण्याचे बळ माझ्यात उरले नसते.

उत्तर नागपूरकर
आमच्या घरी देव नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर माझ्या आजोबांनी बाबासाहेबांच्या हातून धम्मदीक्षा घेतली, त्या दिवसापासून ‘अत्त दीप भव’, म्हणजे स्वतःच स्वतःचा दिवा हो, एवढेच आम्हाला पुरले. धम्मचक्र प्रवर्तन दिनी बाहेरगावांहून येणाऱ्या लोकांच्या भोजनदानात मी दरवर्षी वाढायला असतो. किती तांदूळ शिजवायचा, रांग कोठून वळवायची, हे आम्ही आधल्या रात्री एकत्र बसून ठरवतो आणि चुकले तर पुढच्या वर्षी सुधारतो. ताईंना कागदाने जी शांती दिली, ती मला त्या बैठकीत मिळते. तेव्हा शांतीसाठी देव अपरिहार्य आहे, असे कृपया गृहीत धरू नये.

डबेवाली, प्रतापनगर
ते मी गृहीत धरलेले नाही, दादा. आपली बैठक मला मनापासून आवडली. पण नदीकाठच्या दादांना एक सांगायचे आहे. महिन्याला तेलाचे चार पिपे लागतात हे ठाऊक असूनही, बेरीज आटोक्यात दिसावी म्हणून मी कागदावर तीन लिहिले होते. दिवा लावताना तो तीनचा आकडा रोज डोळ्यांत खुपू लागला आणि चौथ्या दिवशी मी तो खोडून चार केला. नवऱ्याला मी तीन सांगून वेळ मारून नेली असती, देवापुढे ते जमले नाही. सोपवण्याने माझी जबाबदारी सुटली नाही, उलट लपवायला जागाच राहिली नाही. विम्याचा विचार मात्र मी केलाच नव्हता. तो आपल्यामुळे आज कागदावर चढला.

नाग नदीकाठचा रहिवासी
तीनचे चार करणारा हात आपलाच होता, असे मी अजूनही म्हणेन, आणि तेवढा मतभेद राहू द्यावा. मात्र विमा घेताना त्यात पुराचे नुकसान धरले आहे का, हे कागदपत्रांत स्वतः वाचून घ्या, आणि स्वयंपाकाची जागा तळमजल्यावर असेल तर धान्याच्या कोठ्या आजच उंचावर ठेवा.